दोन नळ्यांसाठी पाचोडपर्यंत

अजिंठा-वेरूळ पाहायला संभाजीनगरला जाणाऱ्यांना या लेखाचा काही उपयोग नाही. मी त्या शहरात कामानिमित्त आठ-नऊ वेळा गेले असेन. लेणी पाहिली ती एकदाच, शाळेच्या सहलीत, आणि त्यातलं आता आठवतं ते फक्त डब्यातून सांडलेलं लोणचं. माझं काम लोकांच्या गालाच्या आतल्या बाजूशी असतं. कापसाची काडी फिरवायची, नळीत बुडवायची, झाकण लावायचं, चिठ्ठी चिकटवायची, पुढचा माणूस. पूर्वी रक्त काढायचो, आता काडी आली, एवढाच काय तो तीस वर्षांतला फरक. बाकी फरक गुडघ्यांत पडला आहे.

पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत मी तांत्रिक अधिकारी आहे. मिश्र वंशाच्या समाजांत बापाकडची माणसं कुठून आली आणि आईकडची कुठून, हे आम्ही शोधतो. पुरुषाच्या वाय गुणसूत्रावरून बाप, बापाचा बाप अशी रेघ मागे नेता येते. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए मुलाला काय, मुलीला काय, आईकडूनच येतो. त्यावरून आई, आजी, पणजी. आईचे वडील आणि वडिलांची आई या दोन्ही रेघांत सापडत नाहीत. हे सांगितलं की लोकांचे चेहरे पडतात, पण त्याला माझा इलाज नाही.

दोन वर्षांपूर्वी आम्ही मराठवाड्यातल्या चाऊस मंडळींचे नमुने घेतले. निजामाच्या चाकरीत आलेल्या अरब शिपायांचे हे वंशज. त्यांचे पूर्वज हद्रमौतहून आले आणि येताना बहुतेकांनी बायका आणल्या नाहीत. म्हणजे बापाची रेघ समुद्रापलीकडे जाणार आणि आईची पैठण-कन्नड तालुक्यांत फिरणार, असा आमचा अंदाज होता. चाळीस माणसं, चाळीस नळ्या, एक पेटी. आमची पद्धत अशी की घरटी एकच माणूस घ्यायचा, पण प्रत्येक पेटीत एक सख्खी भावंडांची जोडी मुद्दाम ठेवायची. एका आईची दोन मुलं असली की दोघांचा मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए तोच यायला हवा. नाही आला, तर कुठंतरी नळ्यांची अदलाबदल झाली आणि मग पेटीतल्या कुठल्याच नळीवर विश्वास ठेवता येत नाही.

या पेटीतली जोडी जुळली नाही.

भाऊ सालेहभाई चाऊस, राहणार संभाजीनगर. बहीण रुकय्याबी, राहणार पाचोड. आईचं नाव दोघांच्याही फॉर्मवर जोहराबी, आईचं माहेर देवगाव रंगारी. नळ्यांवरच्या चिठ्ठ्या माझ्या अक्षरात.

"कुलकर्णी मॅडम, एक तर नळ्या बदलल्या," आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख असलेले सर म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. दुसरं काय असू शकतं ते त्यांनी म्हटलं नाही. म्हणायची गरजही नव्हती. दोघांपैकी एक जण त्या आईचा नाही, आणि कदाचित त्याला स्वतःला ते माहीत नाही. "दोघांचे पुन्हा नमुने आणा. कारण सांगू नका. त्यांच्या घरात आपल्यामुळे काही निघता कामा नये."

पुढच्या वर्षी मी निवृत्त होणार. जाता जाता चाळीस माणसांच्या नळ्या माझ्या नावानं गटारात ओतल्या जाव्यात, अशी माझी इच्छा नव्हती. मी रजा मागितली नाही, बॅग भरली.

सोमवार, शहर

मार्चचा दुसरा आठवडा. बसच्या पाटीवर छत्रपती संभाजीनगर, कंडक्टरच्या तोंडात औरंगाबाद, आणि उतरणाऱ्यांना दोन्हींचं काही वाटत नव्हतं. लॉजवर पंखा होता, तो गरम हवा एका भिंतीकडून दुसरीकडे पोचवत होता. तोंड धुऊन मी शहागंजच्या मागं सालेहभाईंच्या घरी गेले.

सालेहभाई एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. उंच, सरळ नाकाचे, पांढऱ्या दाढीचे. तीस वर्षं घाट चढवल्यामुळे की काय, कुठल्याही गोष्टीची घाई नाही. मी काडी काढली तर म्हणाले, "अरे मॅडम, आधी खाना. रिकाम्या पोटानं थुंकी पण येत नाही बराबर."

नान-खलिया आला. हळदीचा हात फिरवलेली पिवळी, जाड नान आणि लाल तर्रीची मटणाची खलिया. आमच्या घरात हे चालत नाही. बाहेर मी खाते. गावोगाव काड्या फिरवणाऱ्या बाईनं ताटातलं नाकारलं की गाल उघडत नाहीत, हे मी पहिल्याच वर्षी शिकले. वरून सुंठ घातलेला काळा गहवा, म्हणजे बिनदुधाची कॉफी.

"पुन्हा कशाला हो नमुना? माझ्यात काही खराबी निघाली का?"

"नाही हो. पडताळणी. प्रत्येक पेटीत दोघांची करतो."

खोटं नव्हतं. खरंही नव्हतं. त्यांनी मुकाट्यानं तोंड उघडलं. आत्तापर्यंत हजारो लोकांनी माझ्यासमोर तोंड उघडलं असेल. मला कधी लाज वाटली नव्हती, त्या दिवशी थोडी वाटली.

मग त्यांनी कपाटावरून शजरा काढला. शजरा म्हणजे वंशावळ. एका मोठ्या कागदावर झाड काढलेलं, पानोपानी उर्दूत नावं, वरून प्लास्टिक चढवलेलं. बोट ठेवत ते वाचत गेले. सालेह, त्याचा बाप अवद, त्याचा बाप अमूद, असे करत आठ पिढ्या, आणि बुंध्याशी हद्रमौतमधल्या एका गावाचं नाव.

"यात बायका कुठं आहेत?" मी विचारलं.

सालेहभाईंनी कागद जरा लांब धरून पाहिला, जणू असतील तर दिसतील. "नाय. औरतांचं नाव टाकत नाहीत यात. रिवाजच नाही. तुमच्यात टाकतात?"

आमच्या सासरच्या कुलवृत्तांतात टाकतात. माझंही आहे. लग्नात तांदळात अंगठीनं लिहिलेलं, सासूबाईंनी ठरवलेलं. त्या नावानं हाक मारली की वळून पाहायला मला दोन महिने लागले होते. हे सगळं सांगत बसले नाही. "टाकतात," एवढंच म्हटलं.

"रुकय्याआपा कुठं भेटतील?"

"बेटीकडं आहे ना, फुलंब्रीला. शनिवारपर्यंत तिथंच." मग हसून म्हणाले, "ती काडी अशी सहजासहजी घालून घेणार नाही हां मॅडम. माझ्यापेक्षा चार महिने काय लहान आहे, हुकूम चाळीस वर्षं मोठीसारखा चालवते."

मी हसले आणि निघाले. चार महिने हे शब्द त्यांनी उच्चारले, मी ऐकले आणि पायरी उतरताना विसरले. फॉर्मवर त्यांचं वय अठ्ठावन्न होतं, तिचं सत्तावन्न. फॉर्मवरची वयं मी कधीच खरी धरत नाही. ही माझी एक सवय, आणि ती चांगली आहे असं मला वाटत होतं.

मंगळवार, फुलंब्री

फुलंब्री शहराला इतकी चिकटली आहे की सकाळच्या गाड्या तिकडून भरून येतात आणि रिकाम्या जातात. मला उलट्या दिशेनं बसायला जागा मिळाली. प्रवासातली एवढीच सुखाची गोष्ट नोंदवून ठेवते.

रुकय्याबींची मुलगी शाहीन एका शाळेत शिकवते. शाळेला निघायच्या बेतात होती. दारातच म्हणाली, "अम्मा? अम्मा तर पहाटेच गेली पाचोडला. उद्या बाजार आहे ना."

"पण शनिवारपर्यंत..."

"मामूंनी सांगितलं का? मामूंना बाजाराचा दिवस कधी लक्षात राहिलाय! अम्माचं परकराचं दुकान लागतं बाजारात. पाऊस असो, ताप असो, लागतंच. बसा, चहा घ्या."

शहराच्या वर फुलंब्री, खाली पाचोड. म्हणजे आजचा दिवस गेला. मी बसले. गुडघ्यांनी आभार मानले.

शाहीननं भिंतीवरचा फोटो दाखवला. सालेहभाई आणि रुकय्याबी कुठल्याशा लग्नात शेजारी उभे. एक ताडमाड, सरळ नाकाचा. दुसरी बुटकी, रुंद चेहऱ्याची, सावळी, कपाळावर हात धरून उन्हाकडे पाहणारी.

"बघा ना," शाहीन म्हणाली, "मामू एकदम अरब. आणि अम्मा! मी तिला चिडवते, तुला कुठनं उचलून आणलं गं?"

मी चहा एका घोटात संपवला. जीभ पोळली. पोरगी हसत होती, आणि तिच्या हसण्यातलं तिला काहीच माहीत नाही, असं मला अगदी स्पष्ट दिसलं. सरांचं वाक्य आठवलं, त्यांच्या घरात आपल्यामुळे काही निघता कामा नये. परतीच्या गाडीत उभी राहून आले. लॉजवर पंख्याखाली पडल्या पडल्या ठरवलं की उद्या काडी फिरवायची, सही घ्यायची, तोंडातून अक्षर काढायचं नाही, आणि दुपारच्या गाडीनं परत.

बुधवार, पाचोड

पाचोडच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी मोसंबीच्या बागा. झाडांच्या बुडाशी धूळ, वर फळं, आणि मधे रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीचा थर पानांवर. सकाळी दहाला ऊन भाजत होतं. बाजार भरला होता. मिरचीच्या ढिगाजवळून जाताना मी तीनदा शिंकले. बैलांच्या घुंगरमाळा विकणाऱ्यानं मला उगीचच "या मावशी" केलं. मी बैल पाळत नाही हे त्याला कळायला हवं होतं.

परकराचं दुकान लांबूनच दिसलं. चार बांबू, वर निळं ताडपत्रीचं छत, दोरीवर रांगेनं परकर, आणि खाली पोत्यावर फोटोतली रुकय्याबी. समोर एक बाई परकर कमरेला लावून बघत होती.

"ह्यो आखूड व्हईल मला."

"आखूड नाय. तू चपला काढून बघ."

"चपला घालूनच चालत आसते की मी."

"मग चपलांना लागू दे. लांब घेतलास तर दगडाला अडकून पडशील, आन म्हनशील रुकय्यानं पाडलं."

बाईनं परकर घेतला. रुकय्याबीनं माझ्याकडे वरून खाली पाहिलं. माझ्या कमरेचं माप तिला कळलं असावं.

"काडीवाल्या बाई का? सालेहचा फोन आलता. बसा. गिऱ्हाईक आलं की थांबायचं, गेलं की बोलायचं."

मी पोत्यावर बसले. तिनं सुनेला पाठवून घरून भाकरी, मिरचीचा ठेचा आणि चिरलेली मोसंबी मागवली होती. अर्धी भाकरी झाल्यावर मी काडीचं पाकीट काढलं.

"कशापायी?"

"पडताळणी."

"किती जनांची?"

"दोघांची."

"मंजी मी आन सालेह." तिनं परकराची घडी मांडीवर सपाट केली. "चाळीस जनांनी तोंड उघडलं व्हतं त्या टायमाला. आमचीच दोघांची नळी कशी काय फुटली?"

"फुटली नाही."

"मग?"

मग एक गिऱ्हाईक आलं, लाल रंग मागितला, मिळाला नाही, गेलं. रुकय्याबी माझ्याकडे बघत होती. मी घोट घोट पाणी प्यायले. शेवटी म्हटलं, "ते मला सांगता येत नाही."

"तर मलाबी तोंड उघडता येत नाय," ती म्हणाली आणि खरोखर ओठ मिटून बसली.

इथं मी धीर केला असं लिहिलं तर शोभून दिसेल. तसं काही नव्हतं. दोन दिवसांची दगदग झाली होती, ठेच्यानं तोंड जळत होतं आणि दुपारची गाडी चुकणार हे दिसत होतं. नळ्या घेतल्याशिवाय परत गेले असते तर पेटी बाद झालीच असती. मी थकले होते म्हणून विचारलं.

"रुकय्याबी, तुम्ही आणि सालेहभाई सख्खेच ना? एका आईचे?"

मला वाटलं, आता आभाळ कोसळणार.

"तुम्हीच तर लिवून घेतलं व्हतं," ती म्हणाली. "इथंच, मशिदीमागच्या शाळंत. तुम्ही इचारलं, ज्या आईचं दूध प्यायलात तिचं नाव सांगा. मी सांगितलं, जोहराबी. सालेहनंबी तेच सांगितलं."

"आणि जन्म कुणी दिला?"

"ते तुम्ही इचारलंच नाय."

माझ्या हातातली काडी तशीच राहिली.

तो प्रश्न माझा होता. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत आईचं नाव विचारलं की लोक सावत्र आईचं सांगत, मोठ्या आईचं सांगत, घरातल्या वडीलधाऱ्या बाईचं सांगत. आम्हाला जन्मदातीची रेघ हवी. मग मीच तोड काढली, दूध कुणाचं प्यायलात ते विचारा, म्हणजे घोळ नको. माझा मला अभिमान होता. नव्या पोरापोरींना मी हे वाक्य पाठ करून घेत असे. आमच्या माजघरातून आलेल्या माझ्या डोक्यात, दूध पाजणारी आणि जन्म देणारी या दोन बाया असू शकतात हे कधी आलंच नाही. इथं त्याला नातं म्हणतात. एका बाईचं दूध प्यायलेली मुलं भावंडं होतात, त्यांची लग्नं एकमेकांशी होत नाहीत, पडदा राहत नाही. मी अगदी नेमका प्रश्न विचारला होता आणि त्याचं मला अगदी खरं उत्तर मिळालं होतं.

"पैठनच्या धरनाच्या कालव्याचं काम चालू व्हतं," रुकय्याबी सांगू लागली. मधेच एकीला परकराची नाडी बदलून दिली. "मानसं लांबलांबून आलती. पालं, गाढवं, टोपल्या. त्यातली एक बाई बाळंत झाली आन तिसऱ्या दिशी गेली. तिचं मागं कोन व्हतं, कोन नव्हतं, कुनाला ठावं. टोळी फुडं चालली व्हती. सालेह चार महिन्यांचा. अम्मा म्हनली, एकाला पाजते तशी दोघांना पाजीन. आन पाजलं. नायतर मोठी झाल्यावर अब्बापुढं मला पडदा करावा लागला आसता. दूध दिलं म्हनून मी त्या घरची."

"त्या बाईचं नाव?"

"कालव्यावरची. अम्मा तिला तेवढंच म्हनायची. नाव इचारायच्या आत गेली ती."

"हे शाहीनला माहीत आहे?"

"पाचोडातल्या कुत्र्यालाबी ठावं हाय. शाहीन तर मला त्यावरूनच चिडवती, कुठनं उचलून आनलं म्हनून."

म्हणजे काल त्या पोरीच्या हसण्यात सगळं माहीत असलेलं होतं, आणि माहीत नसलेली त्या घरात मी एकटी होते. दोन दिवस जे गुपित मी काखेत धरून हिंडत होते, ते फक्त आमच्या प्रयोगशाळेत गुपित होतं.

मला हायसं वाटलं. नळ्या बरोबर होत्या, चूक कागदावर होती, आणि कागद दुरुस्त करता येतो. मी फॉर्म काढला, पेन काढलं. "आता हे आईचं नाव खोडते. इथं लिहू की नाव माहीत नाही, गाव माहीत नाही. तुम्ही शेजारी सही करा. मग काडी फिरवली की झालं."

रुकय्याबीनं तळहात फॉर्मवर ठेवला. बोटांना निळा रंग लागलेला होता, कापडाचा.

"खोडायचं नाय."

"अहो, पण त्या तुमच्या..."

"सालेहनं तुम्हाला शजरा दावला आसंल."

"दाखवला."

"त्यात अम्माचं नाव हाय?"

"नाही."

"सातबाऱ्यावर नाय. घराच्या उताऱ्यावर नाय. कबरीवर दगड नाय. अब्बाचं समदीकडं हाय. एक तुमच्या फारमात हाय जोहराबी, देवगाव रंगारी. ते खोडायला इतक्या लांबून आलात व्हय?"

"सालेहभाईंच्या फॉर्मवर राहीलच ना ते," मी म्हटलं. माझ्या मते हे चोख उत्तर होतं.

"सालेहला तिनं पाजलं ते त्याला जलम दिला म्हनून. मला पाजायचं तिला कारन नव्हतं. माझ्याच कागदावर पायजे."

मी तीस वर्षांत हजारो फॉर्म भरले. फॉर्मवरच्या नावासाठी कुणी भांडलेलं पाहिलं नव्हतं. लोक सही करतात आणि विचारतात, झालं का, जाऊ का.

"तुमचं नाव काय म्हनलात?" तिनं अचानक विचारलं.

"वसुधा कुलकर्णी."

"ते सासरचं आसंल. माहेरचं?"

"मंगल."

"मंगल बरं व्हतं की. कशापायी बदललं?"

"आमच्यात बदलतात."

"आमच्यात नाय बदलत. बाईचं नाव मरेस्तवर तेच. पर कागदावर येत नाय." तिनं जरा विचार केला. "तुमचं कागदावर येतं, पर ते तुमचं नसतं."

एक गिऱ्हाईक आलं, बरं झालं.

ते गेल्यावर मी तिला सरळ सांगितलं. आईच्या गावावरून आम्ही नकाशावर ठिपका देतो. जोहराबीच्या नावावर तुमचा ठिपका देवगाव रंगारीवर पडला आहे, आणि तो खोटा आहे. तो काढावाच लागेल. आणि जन्मदातीचं गाव माहीत नसल्यानं दुसरीकडेही देता येणार नाही. तुमची नळी नकाशात येणारच नाही.

"ठिपका घ्या काढून. मला काय करायचाय ठिपका? नाव ऱ्हाऊ द्या."

"रकाना एकच आहे."

"बारीक लिवा. मी एका वारात दोन झबली बसवते, तुम्हाला एका रकान्यात दोन बाया बसवता येत नायत?"

मी बारीक लिहिलं. जोहराबीच्या पुढं, उरलेल्या बोटभर जागेत, कालव्यावरची. वर शेरा मारला: पहिली दूध-आई, दुसरी जन्मदाती. रुकय्याबीनं उर्दूत सही केली, उजव्या टोकाकडून सुरू करून, सावकाश. मग तोंड उघडलं. मी डाव्या गालात काडी फिरवली, उजव्या गालात फिरवली, नळीत बुडवली, झाकण लावलं. चिठ्ठी लिहून ती तिलाच वाचायला दिली. असं मी कधी करत नाही.

"आन तिचं काय निघालं त्यात?" नळी उजेडात धरून ती म्हणाली. "कालव्यावरचीचं?"

आमचा नियम आहे, एकेकट्या माणसाला निकाल सांगायचा नाही. सरांचा एक नियम मी तासाभरापूर्वीच मोडला होता, आणि ही नळी अजून दुसऱ्यांदा तपासायची होती. तरी म्हटलं, "गाव निघत नाही. नाव निघत नाही. पण पहिल्या नळीत जे दिसलं, तशा बाया या पठारावर फार जुन्या काळापासून आहेत. पुष्कळ आहेत. ती फार लांबची नव्हती."

"मंजी हिकडलीच?"

"इकडचीच म्हणायला हरकत नाही."

"मला वाटायचं, लई लांबून चालत आली आसंल. पोट घिऊन." तिनं दोरीवरचा एक परकर ओढून माझ्यासमोर टाकला. "ह्यो घ्या. तुम्हाला लांबच लागंल."

दुपारची गाडी गेली होती. पुढची दीड तासानं होती. मी पोत्यावर बसून राहिले आणि नाड्या ओवायला मदत केली.

गुरुवार, आणि त्यानंतर

सकाळी बसस्थानकावर सालेहभाई नानचं पुडकं घेऊन आले. त्यांना रात्रीच बहिणीचा फोन आला होता.

"मैं बोला था ना मॅडम, एकच आई! मी खोटं कुठं बोललो?"

"नाही बोललात."

"तुमच्या मशीनला दूध दिसत नाही, त्याला आम्ही काय करणार?" ते पोटभर हसले. मग गाडीच्या पुढच्या चाकाला पायानं दाबून पाहिलं, ड्रायव्हरशी दोन शब्द बोलले, आणि मला खिडकीची जागा मिळवून दिली.

तीन आठवड्यांनी दोन्ही नळ्यांचे निकाल आले. सालेहभाईंची नवी नळी त्यांच्या जुनीशी जुळली, रुकय्याबींची नवी त्यांच्या जुनीशी. अदलाबदल झालेली नव्हती. पेटी वाचली, देवगाव रंगारीवरचा एक ठिपका गेला. सरांना मी लेखी दिलं की नळ्या बरोबर होत्या, प्रश्न चुकला होता, आणि प्रश्न माझा होता. त्यांनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाले, "तुमच्या हातचे जुने सगळे फॉर्म पुन्हा तपासावे लागतील." लागतीलच. कपाटं भरून आहेत. निवृत्तीपर्यंतचं वर्ष त्यातच जाणार, आणि मला आत्ताच दमायला झालं आहे.

नव्या फॉर्मवर आता दोन रकाने आहेत. पण जुनी नोंद संगणकातल्या जुन्याच सांगाड्यात बसवायची होती. ती मी स्वतः करायला घेतली. आईच्या रकान्यात जोहराबी, स्वल्पविराम, कालव्यावरची असं टंकलं. संगणकानं घेतलं नाही. रकान्यात एकच नाव द्या म्हणाला. शेऱ्याला जागाच नव्हती. दोनदा केलं, दोनदा नाही म्हणाला. दोघींपैकी एक काढली की लगेच घेत होता.

मग मी स्वल्पविराम काढला.

जोहराबी कालव्यावरची. ते एकाच बाईचं नाव आहे असं समजून त्यानं ठेवून घेतलं.